फांदीवरचं वजन

परवा फोनवर तू विचारलंस, "काका, वर चढून कापायला हलकी मशीन घ्यायचीय, कुठली घेऊ?" मी "सांगतो" म्हटलं आणि तेवढ्यात रेंज गेली. बरंच झालं. फोनवर सांगितलं असतं तर तू फक्त कंपनीचं नाव ऐकलं असतंस आणि संध्याकाळी दुकानात उभा राहिला असतास. कंपनीचं नाव हे त्यातलं शेवटचं काम आहे. म्हणून बसून लिहितोय. सावकाश वाच, पैसे दिल्यावर वाचू नकोस.

मी चाळीसेक वर्षं झाडांवर चढलो. आधी कोयता, मग कुऱ्हाड आणि करवत, आणि अगदी शेवटी मशीन. आता गुडघे घराच्या पायरीलाही कुरकुरतात, तेव्हा सांगायचं काम तेवढं उरलंय. तू तिकडे पनवेल-खारघरच्या सोसायट्यांची कामं घेतोस. तुझी झाडं म्हणजे गुलमोहर, सोनमोहर, रेन ट्री; माझी आंबा, फणस, माड. झाडं वेगळी असली तरी हात तोच.

पहिली गोष्ट, दुकानदार जे वजन सांगेल ते ऐकायचं आणि सोडून द्यायचं. कंपनीच्या कागदावरचा आकडा बहुतेक वेळा बार, चेन, पेट्रोल आणि ऑइल सोडून छापलेला असतो. म्हणजे स्टिलची एमएस २०१ टी घे. वरच्या मुठीची, ३५ सीसीची, झाडावर चढणाऱ्यांसाठीच केलेली मशीन. कागदावर ३.७ किलो. तिला १४ इंची बार लाव, चेन चढव, दोन्ही टाक्या भर, आणि मग काट्यावर ठेव. पावणेपाचच्या आसपास भरेल. हा एक किलो कोणी फसवून घातलेला नाही, पण तो तुझ्या खांद्याला लागणार आहे.

आणि काट्यावरचं वजनही पुरतं खरं नाही. मशीनचं वजन कोपरात मोजायचं. निसर्ग वादळाच्या वेळी मला हे कळलं. ३ जून २०२० ला ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं, ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा, आणि संध्याकाळपर्यंत केळशी-आंजर्ल्यापासून पुढच्या वाड्या आडव्या झालेल्या. माड मोडले, पोफळी काड्यांसारख्या पडल्या, आंबे मुळासकट उपटले. माझ्याकडे तेव्हा ती बाजारात सगळीकडे मिळते तसली ५८ सीसीची मशीन होती, २२ इंची बार. जमिनीवर पडलेल्या झाडांवर तिने माझं घर चालवलं. रस्ते मोकळे केले, घरांवरचे बुंधे कापले, दिवसाला तीन-तीन टाक्या चालली. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण पडलेली झाडं संपली आणि अर्धवट मोडलेली उरली. फांदी चिरफळून लोंबते आहे, शेंडा शेजारच्या झाडात अडकलाय, अशी. तिथे वर चढल्याशिवाय इलाज नव्हता. ती मशीन मी दोराने वर ओढून घेतली. पहिला काप बरा झाला. दुसऱ्याला बारचं टोक हळूहळू खाली झुकायला लागलं. तिसऱ्याला मी काप कुठे घ्यायचा ठरवलं होतं आणि मशीन कुठे कापत होती यात चार बोटांचं अंतर पडलं. हात थरथरत नव्हते, दुखतही नव्हते. नुसते ऐकत नव्हते. दमलेला हात आधी दुखत नाही, आधी चुकतो. म्हणून दुकानात मशीन उचलून "हलकी आहे की" म्हणू नकोस. टाक्या भरायला लाव, दोन्ही हातांनी छातीच्या उंचीला धर, आणि तुझ्याबरोबर आलेला माणूस बाहेर टपरीवर चहा घेऊन येईपर्यंत तशीच धरून उभा राहा. दुकानदार हसेल. हसू दे.

दुसरी चाचणी एका बोटाची. वरच्या मुठीखाली बोट घालून मशीन उचलायची आणि बघायचं तिचं नाक कुठे जातं. किंचित पुढे झुकली तर चालेल. नाक धाडकन खाली गेलं, तर तो बार त्या इंजिनाला लांब आहे. लोकांना लांब बारचं फार आकर्षण. १८ इंच लावून द्या म्हणतात, जसं काही इंच फुकट मिळतायत. बार लांब झाला की वजन हातापासून दूर जातं आणि मनगट सबंध दिवस त्याला वर तोलत राहतं. शिवाय लांब टोक कुठे लागतंय ते पानांत दिसत नाही. त्याबद्दल पुढे सांगतो. २५ सीसीला १० इंच, फार तर १२. ३५ सीसीला १२ किंवा १४. याच्यावर जाऊ नकोस. तुला वर बसून जे कापायचंय त्यातलं बहुतेक मांडीपेक्षा जाड नसतं. जाड असेल तर ती वेळ वेगळ्या मशीनची.

हे मनात पक्कं धर की वरची मशीन आणि खालची मशीन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकीत दोन्ही कामं करायला जाशील तर खाली ती धापा टाकेल आणि वर तू. पैसे एकाच मशीनचे असतील तर आधी खालची घे, वर हातकरवत ने, आणि दोन हंगामांनी वरची घे. मी तसंच केलं. उशिरा केलं, पण केलं.

आता वजन किती असावं? बाजारात वरच्या मुठीच्या मशीनचे ढोबळ दोन वर्ग आहेत. एक २५ सीसीच्या आसपासचा. एकोची सीएस-२५११ टी नुसती २.३ किलोची आहे, स्टिलची एमएस १५१ टी २.६ ची. दुसरा ३५ सीसीचा. वर सांगितलेली २०१, किंवा हुस्कवार्नाची टी ४३५, साडेतीनच्या जरा अलीकडे. छाटणीची कामं जास्त असतील, म्हणजे सोसायटीच्या खिडकीला लागणाऱ्या फांद्या, पावसाळ्याआधीचा भार कमी करणं, तर पहिला वर्ग. सबंध झाडं उतरवायची असतील, वरून तुकडे करत बुंध्यापर्यंत, तर दुसरा. तुझं काम तू जाणतोस. मला विचारशील तर तुझ्या वयाला आणि तुझ्या कामाला पहिला वर्ग पुरे. जवान माणसाला नेहमी मोठी मशीन हवी असते, आणि ती चाळिशीत खांद्यातून वसूल होते.

चिनी २५ सीसीच्या मशीनही मिळतात, निम्म्याहून कमी पैशांत. त्यांना मी नावं ठेवणार नाही. गरिबाची मशीन आहे, स्क्रू-ड्रायव्हरने उघडते आणि भाग कुठेही मिळतात. पण प्रत्येक नग वेगळा. एकाच खोक्यातल्या दोन मशीन सारख्या निघतीलच असं नाही. घेतलीस तर पहिले पंधरा दिवस जमिनीवरच वापर, आणि ती काय खोडी काढते ते खालीच बघून घे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो ती.

हलकी मशीन जड मशीनपेक्षा जास्त धोक्याची आहे, कारण ती एका हातात मावते.

माझ्या डाव्या हाताची खूण तू लहानपणापासून बघतोयस असं तुला वाटत असेल. नाही. ती २०२० च्या जूनमधलीच आहे. जड मशीनने दमलो म्हणून एका ओळखीच्याकडून वरच्या मुठीची लहान मशीन मागून आणली होती. अशी हलकी की वाटलं इतकी वर्षं आपण उगाच मेहनत केली. एका घराच्या मागे आंब्याची मोडकी फांदी कौलांवर टेकली होती. मी वर. फांदी कौलांवर सुटू नये म्हणून डाव्या हाताने ती धरली आणि उजव्या हातातल्या मशीनने कापायला लागलो. एका हाताने. मशीन इतकी हलकी की चुकतोय असं वाटलंसुद्धा नाही. पानांआड एक वाळलेला खुंट होता. बारचं टोक त्याला लागलं. पुढे काय झालं ते मला दिसलंच नाही. आवाजही वेगळा आला नाही. फक्त मशीन होती तिथे नव्हती, आणि माझ्या बाहीतून रक्त येत होतं. नऊ टाके. हाड वाचलं ते बाहीच्या जाड कापडामुळे की देवामुळे, हे मी डॉक्टरला विचारलं नाही.

हे का होतं ते नीट समजून घे. बारच्या टोकाचा वरचा जो पाव भाग असतो, तिथे चेन पुढे जाऊन खाली वळत असते. तो भाग लाकडाला लागला की दात लाकडात रुततात, चेन थांबायला बघते, आणि इंजिनचा सगळा जोर बारला वर आणि मागे फेकतो. तुझ्याकडे. याला आम्ही उसळी म्हणतो. मागच्या मुठीच्या मोठ्या मशीनमध्ये दोन हातांत लांब अंतर असतं, त्यामुळे उसळी आवरायला जोर मिळतो. वरच्या मुठीच्या मशीनमध्ये दोन्ही हात जवळजवळ. दोन्ही हातांनी धरूनही ती आवरायला कठीण, मग एका हाताने काय होणार? आणि पुढचा तो काळा दांडा, ज्याला सगळे हात वाचवायची पट्टी समजतात, तो चेनचा ब्रेक आहे. मशीन उसळली की डावं मनगट त्याला लागून तो पडतो. डावा हात मुठीवर नसेल तर कशाने पडणार? नव्या मशीनमध्ये झटक्यानेही पडतो, खरं आहे. पण चेन आणि माझा हात यांच्यामध्ये "बहुधा पडेल" एवढाच भरवसा नको.

म्हणून डावा हात पुढच्या मुठीवर, अंगठा खालून वळवून. फांदी धरायची असेल तर दोराने बांध, हाताने नको. दोन्ही हात मोकळे करून बसता येत नसेल तर ती जागा कापायची नाही. आधी बूड टेकवायची सोय कर, मग मशीन मागव. आणि खांद्याच्या वर कधी कापू नकोस. अजून एक फूट चढायचा कंटाळा हेच त्यामागचं एकमेव कारण असतं.

दुकानात आता काय बघायचं ते पटापट सांगतो. चेनचा ब्रेक नसेल किंवा ढिला असेल तर पुढे बोलूच नकोस. मशीन चालू करून रेस सोड. चेन थांबली पाहिजे. रेस सोडूनही चेन सरकत असेल तर तिची रेस खाली आणून दाखवायला सांग, आणि तरी थांबत नसेल तर ठेवून दे. मागच्या बाजूला रेसच्या खटक्याआधी दाबावं लागणारं दुसरं कुलूप हवं. थंड मशीन एकदा चालू करून बघ आणि पाच मिनिटं तापवून बंद करून पुन्हा चालू करून बघ. तापलेली मशीन सुरू व्हायला कटकट करते की नाही ते वर बसल्यावर कळून उपयोग नाही. मशीनला मागे दोरी अडकवायला कडी आहे का बघ. मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबर किंवा स्प्रिंग आहे का बघ, नाहीतर चार वर्षांनी थंडीत बोटं पांढरी पडायला लागतील. माझ्या डाव्या हाताची दोन पडतात. आणि बारवर ठोकलेले तीन आकडे लिहून घे: पिच, गेज आणि खालच्या कड्यांची संख्या. चेन घेताना "१२ इंची द्या" असं म्हणणारा माणूस दोनदा बाजारात जातो.

सुटे भाग तालुक्याच्या गावात मिळतात का हे मशीन घेण्याआधी विचार, नंतर नाही. ओढायची दोरी, प्लग, क्लच, कार्ब्युरेटरचा पडदा, एवढंच वारंवार लागतं. जगातली सगळ्यात हलकी मशीन भागासाठी महिनाभर बंद पडून राहिली तर ती तुझ्या कपाटातली सगळ्यात जड वस्तू.

बॅटरीचं विचारलं होतंस. वर बसणाऱ्यासाठी बॅटरी चांगली, हे मी मनापासून म्हणतो. दोरी ओढावी लागत नाही, धूर नाही, आणि मुख्य म्हणजे खालचा गडी काय ओरडतोय ते ऐकू येतं. लाकूड कडकड करायला लागलं तर तेही ऐकू येतं. पेट्रोलच्या मशीनमध्ये ती सूचना बुडून जाते. सोसायटीत दुपारी झोपलेल्या लोकांच्या शिव्याही वाचतात. पण बॅटरी शांत असते म्हणून ती बंद आहे असं समजू नकोस. चेनला हात लावण्याआधी बॅटरी काढून खिशात. ऑनलाईन मिळणाऱ्या त्या चार-सहा इंची खेळण्यांवर ४८ व्होल्ट, ८८ व्होल्ट असलं काही लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नकोस. आतले सेल मोज. एकामागे एक जोडलेले पाच सेल असतील तर ती पूर्ण भरल्यावर २१ व्होल्ट आणि चालताना १८, स्टिकर काहीही म्हणो. अंगठ्याएवढ्या डहाळ्यांना ठीक.

मी स्वतः बॅटरीवर का गेलो नाही? निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कितीतरी दिवस वीजच नव्हती. काम सगळ्यात जास्त तेव्हाच होतं. खारघरात तुला ती अडचण नाही.

पेट्रोलची घेतलीस तर मिश्रणात कंजुषी करू नकोस. चांगल्या कंपनीच्या ऑइलला ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. चिनी मशीनची पुस्तिका बहुतेक वेळा २५ ला १ सांगते, म्हणजे ४० मिली. अंदाजाने ओतणाऱ्याचं पिस्टन लवकर जातं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्या पावसाळ्यात हवेत पाण्याला तोटा नाही. महिनाभर मशीन लागणार नसेल तर टाकी रिकामी कर, चालू करून विझेपर्यंत चालव, मग ठेव. मिश्रण पंधरा दिवसांपेक्षा जुनं झालं तर वापरू नकोस. आणि टाकी झाडावर कधी भरायची नाही. टाकी संपली की खाली यायचं, पाणी प्यायचं, वर बघायचं. लहान टाकीची लोक तक्रार करतात. मला ती आवडते, कारण ती माणसाला विश्रांती घ्यायला लावते.

हलकी मशीन म्हणजे कमी ताकद, आणि कमी ताकद म्हणजे सगळी भिस्त चेनवर. मोठ्या मशीनला बोथट चेन लावून दाबून कापता येतं; वाईट सवय आहे, पण कापतं. २५ सीसीला ते परवडत नाही. ती दाबलीस की थांबते, आणि मग तू अजून दाबतोस. खाली पडणारा भुसा बघायचा. पातळ पोह्यांसारखा चुरा पडत असेल तर चेन चांगली. पीठ पडायला लागलं की थांब. काप एका बाजूला वळत असेल तर एका बाजूचे दात लहान झालेत. लहान मशीनवर बहुधा तीन-अष्टमांश लो-प्रोफाईल चेन असते, तिला ४ मिलिमीटरची गोल कानस. कानस आतून बाहेर ढकलायची, परत येताना उचलून घ्यायची, घासत आणायची नाही. दाताच्या माथ्यावर ३० अंशांची जी खूण असते तिला धरून. आधी सगळ्यात झिजलेला दात शोध आणि बाकी सगळे त्याच्याएवढे कर. तिथे मोठेपणा दाखवायचा नाही.

या दाताची एक गंमत सांगतो. आपल्या आंब्याच्या खोडात भिरूड लागते ना, भुसा बाहेर टाकत आत भोक पाडत जाणारी पांढरी अळी? तसल्याच एका लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी अमेरिकेत ऑरेगनच्या जंगलात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने बघितली. ती लाकूड उभंही कापते आणि आडवंही, डावीकडे-उजवीकडे जबडा फिरवत. त्यावरून त्याने १९४७ मध्ये वाकड्या दाताची चेन केली. आज तुझ्या-माझ्या मशीनवर जी आहे ती त्याच जातीची. त्याआधी चेनला करवतीसारखे सरळ दात असत आणि त्यांना धार लावण्यात फार वेळ जाई. आयुष्यभर मी भिरुडीला तारेने भोकातून ओढून मारत आलो, आणि पोट तिच्याच जबड्यावर भरलं.

चेन किती ताणायची? बारच्या मधोमध चिमटीत धरून वर ओढ. थोडी उचलली गेली पाहिजे, सोडल्यावर परत बसली पाहिजे, आणि खाली लोंबायला नको. तापली की ती सैल पडते, तेव्हा पुन्हा ताण. पण काम संपल्यावर परत सैल करायला विसरू नकोस, गार होताना ती आवळते. माड कापायची वेळ आली तर दोन जादा चेन जवळ ठेव. समुद्राकाठच्या माडाच्या सालीत वाळू असते. बाहेरून खोड कडक, आतून मऊ, आणि सगळा धागाधागा. चेनच्या झाकणाखाली तो धागा गुंडाळून बसतो. प्रत्येक झाडामागे झाकण काढून साफ करायचं. चेन वर बसून घासायची नाही, खाली येऊन बदलायची.

कापायच्या पद्धतीवर तू माझ्याकडून कितीदा ऐकलंयस, तरी एक. फांदी वरून एका कापात कापली की ती मोडताना खालची साल बुंध्यापर्यंत सोलत नेते. आधी खालून तिसऱ्या हिश्श्याएवढी चीर, मग थोडं पुढे सरकून वरून काप. फांदी गेली की उरलेला खुंट शेवटी, गळ्याजवळ, स्वच्छ. खालून चीर देताना फार खोल जाऊ नकोस, फांदी बसते आणि बार चिमटीत सापडतो. सापडलाच तर मशीन बंद कर आणि करवतीने सोडव. रेस देऊन ओढत बसू नकोस. यासाठीच कमरेला म्यानात हातकरवत हवी. तीनशे-चारशे ग्रॅमची, वाकडी, ओढताना कापणारी. मनगटाएवढ्या फांदीपर्यंत मी आजही मशीन सुरू करत नाही. तिची दोरी ओढेपर्यंत करवतीने काम झालेलं असतं.

गुलमोहराचं मात्र लक्षात ठेव. आंबा कडकडतो, चिंच वाकते, पण गुलमोहर काही न बोलता तुटतो. त्याच्या फांदीवर बसून त्याच्याच फांदीला दोर बांधू नकोस. रेन ट्रीला पिठ्या ढेकूण लागून वरच्या फांद्या वाळलेल्या असतील तर चढूच नकोस. बकेटची गाडी मागव, पैसे सोसायटीकडून घे.

पट्टा घेशील तो इमारतीच्या बांधकामावरचा नको. त्याची कडी पाठीवर असते, तो पडल्यावर लटकवायला आहे, बसायला नाही. झाडाचा पट्टा पुढे कड्या असलेला, मांड्यांना आधार देणारा. मशीन चालू असताना झाडाला तुझे दोन दोर हवेत: एक चढायचा, एक कमरेचा, खोडाभोवती, आत तार असलेला. मशीनने एक कापला तर दुसरा राहील. मशीनची दोरी पट्ट्याच्या मागच्या बाजूला, दोन्ही हात पूर्ण लांब करता येतील इतकी. वर मशीन सुरू करताना ब्रेक लावलेला, मशीन मांडीला किंवा खोडाला टेकवलेली. हवेत सोडून दोरी ओढायची फॅशन मी बघितलीय, व्हिडिओत चांगली दिसते.

चढायच्या आधी पाच मिनिटं फक्त बघ. हुमल्यांची, म्हणजे तांबड्या मुंग्यांची, घरटी, गांधीलमाशा, आग्या मोहोळ. इंजिनचा आवाज आणि धूर त्यांना तुझ्याआधी कळतो. जवळून वीज जात असेल तर महावितरणला सांगून लाईन बंद करून घे, ओली फांदी तारेला लागली की ती फांदी राहत नाही. खालचा गडी कापाच्या खाली कधी नको, आणि त्याच्या डोक्यावर हेल्मेट हवं, तुझ्या आधी त्याच्या.

परवानगीचंही बघ. शहरात १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेजमध्ये जातं. गावात स्वतःच्या जमिनीतला आंबा, फणस, चिंच, जांभूळ तोडायलाही १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते. सोसायटीचा सेक्रेटरी "मी बघतो" म्हणाला तर कागद हातात आल्याशिवाय दोर टाकू नकोस. मशीन जप्त होते ती तुझी, त्याची नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. २५ सीसी, वरची मूठ, १० किंवा १२ इंची बार, अडीच किलोच्या आतबाहेर, आणि जिचे भाग पनवेलमध्ये मिळतात ती. कंपनी त्यातून आपोआप ठरेल. घेऊन थेट झाडावर जाऊ नकोस. मे महिन्यात इकडे ये. मागच्या अंगणात फणसाचा पडका बुंधा आहे, त्यावर चार दिवस हात बसव, मग वर चढ. येताना ४ मिलिमीटरच्या दोन कानशी घेऊन ये, इकडच्या दुकानात संपल्यात.